ज्ञान परळला, गाठ निफाडला

निफाड तालुक्यात ऑक्टोबरची छाटणी उरकली की द्राक्षबागेत राबणाऱ्या बाईची नजर पानावर खिळते. पानावर तेलकट पिवळसर ठिपका दिसला की ती पान उलटून पाहते. खाली पांढरी बुरशी आढळली, तर डावणी आल्याची वार्ता मालकापर्यंत पोहोचण्यास घटकाही लागत नाही. पहिल्या ठिपक्याला जो जागा झाला त्याची बाग वाचली, हे तेथील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु त्याच बाईच्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ तिच्या हाताला लागली, तर ती वार्ता कोणापर्यंत पोहोचते? बहुधा कोणापर्यंतही नाही. गाठ दुखत नाही, म्हणून ती मनावर घेतली जात नाही. हंगाम उरकू दे, मुलीचे लग्न पार पडू दे, मग पाहू, असे म्हणता म्हणता वर्ष उलटते.

भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज स्तनाचा कर्करोग प्रथम क्रमांकावर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशातील सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. जो रोग लवकर सापडल्यास बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात, त्यात दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू! या आकड्यामागे दडले आहे ते मुख्यतः उशिराचे दुःख.

हा उशीर अज्ञानामुळे होतो, असे म्हणण्याची प्रथा आहे. ते अर्धसत्य होय. ज्ञान उपलब्ध आहे. ते परदेशातून उसने आणावे लागते असेही नाही. त्याची मोठी परंपरा महाराष्ट्रातच आहे आणि तिचा एक धागा थेट निफाडपर्यंत येऊन पोहोचतो.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. मुलीने चार इयत्ता शिकणेही समाजाला रुचत नव्हते, अशा काळात रानडे यांनी वामन आबाजी मोडक, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी सहकाऱ्यांसह पुण्यात मुलींची माध्यमिक शाळा उभी केली. ते वर्ष होते १८८४. हीच शाळा पुढे हुजूरपागा या नावाने महाराष्ट्राला परिचित झाली. या शाळेच्या बाकांवर बसून शिकलेल्या मुलींपैकी एक होती कमल समर्थ.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या कमलचे वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. कन्येने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. कन्येने संशोधनाचा मार्ग निवडला. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह होऊन ती मुंबईस आली आणि कमल रणदिवे या नावाने विज्ञानाच्या इतिहासात गेली. १९४१ मध्ये परळला टाटा स्मृती रुग्णालय सुरू झाले होते. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून त्यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशी शरीराबाहेर, काचपात्रात जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले. तेथे न राहता त्या मायदेशी परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

त्यांच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय होता स्तनाचा कर्करोग. विशिष्ट वंशाचे उंदीर पिढ्यानपिढ्या जोपासून त्यांनी आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा या रोगाशी असलेला संबंध तपासला. स्तनाच्या कर्करोगाला आनुवंशिकतेची बाजू आहे, हे आग्रहाने मांडणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले.

जगभर याच दिशेने अनेकांचे प्रयत्न चालू होते. इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन यांनी १९२६ मध्येच ५०० रुग्ण स्त्रिया व ५०० निरोगी स्त्रिया यांची तुलना करून या रोगाच्या कारणांचा शोध घेतला. छातीच्या स्नायूंसह संपूर्ण स्तन काढून टाकण्याची जुनी रीत प्रत्येक रुग्णेस आवश्यक नाही, लहान गाठ असेल तर गाठ काढून किरणोपचार देणेही तितकेच गुणकारी ठरते, हे बर्नार्ड फिशर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये आनुवंशिक दोषाचे स्थान सतराव्या गुणसूत्रावर निश्चित केले. यातील प्रत्येक शोधाने असंख्य स्त्रियांचे आयुष्य वाढवले. परंतु फिशर यांचा दिलासा कोणाला? जिची गाठ लहान असतानाच सापडली तिला. लिंबाएवढी होईपर्यंत पदराआड दडवलेल्या गाठीपुढे हे ज्ञान हतबल होते.

म्हणूनच परळच्या टाटा रुग्णालयाने हाती घेतलेला एक प्रयोग ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे. पाश्चात्त्य देशांत स्तनतपासणीसाठी मॅमोग्राफी यंत्राचा वापर होतो. गावोगावी असे यंत्र, तंत्रज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञ पुरवणे भारताला परवडणारे नाही. मग प्रशिक्षित हात हे काम करू शकेल काय? डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये हा प्रश्न घेऊन मुंबईच्या वस्त्यांत प्रवेश केला. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांचा या अभ्यासात समावेश होता. निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा करण्यात आली. तपासणाऱ्या महिला डॉक्टर नव्हत्या. शालेय शिक्षण झालेल्या आणि या कामाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या त्या साध्या आरोग्य सेविका होत्या.

वीस वर्षांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात रोग सापडलेल्या स्त्रियांपैकी ४७ टक्के तिसऱ्या वा चौथ्या टप्प्यात होत्या. तपासणी झालेल्या गटात हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. सर्व वयांचा एकत्रित विचार करता मृत्यूंतील घट १५ टक्के दिसली, मात्र ती योगायोगाची नाही असे छातीठोकपणे म्हणता येईल इतकी मोठी नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. ना महागडे यंत्र, ना वातानुकूलित दालन, केवळ शिकवून तयार केलेला एका बाईचा हात!

शासनाने याची दखल घेतली नाही, असे म्हणता येणार नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिशीपुढील स्त्रियांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे ठरवून दिली. त्यांत आरोग्य उपकेंद्राच्या पातळीवर स्तनतपासणीची योजना आहे. प्रत्यक्षात काय घडले? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील ज्या स्त्रियांची आयुष्यात एकदा तरी स्तनतपासणी झाली होती, त्यांचे देशातील प्रमाण एक टक्क्याहूनही कमी भरले. कागद उपकेंद्रापर्यंत पोहोचला, हात पोहोचला नाही.

निफाडलाच या दुखण्याचा उतारा सापडतो. तालुक्यात कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी हे गव्हाचे वाण तेथेच तयार झाले आणि शेतकऱ्यांच्या शिवारात रुजले. तांबेऱ्यावर झालेले संशोधन शास्त्रज्ञांच्या निबंधात बंदिस्त राहिले नाही, कारण प्रयोगशाळेपासून बांधापर्यंत माणसांची साखळी उभी होती. गव्हाच्या बाबतीत जे साधले, ते गहू निवडणाऱ्या बाईच्या बाबतीत का साधू नये?

त्यासाठी करावयाच्या गोष्टी फार अवघड नाहीत. आरोग्य सेविकेस एका दिवसाच्या शिबिरावर न भागवता हाताला खरी सवय होईल असे प्रशिक्षण मिळाले पाहिजे आणि तपासणीसाठी आडोशाची खोली व महिन्याचा ठरलेला दिवस हवा. आधीच अनेक नोंदवह्यांखाली दबलेल्या आशा स्वयंसेविकेवर हे काम टाकताना तिच्या मानधनाचा विचार झाला पाहिजे. शंकास्पद गाठ आढळलेल्या स्त्रीला नाशिकच्या रुग्णालयापर्यंत नेणारी व्यवस्था तयार असली पाहिजे. स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही तिला सांगितले पाहिजे. भीती घालून बोलावलेली बाई पुन्हा येत नाही.

परंतु शासन कितीही सज्ज झाले, तरी उंबरठ्याच्या आतले काम कुटुंबालाच करावे लागेल. लाज हा येथे रोगाचा सर्वांत विश्वासू साथीदार आहे. सासूने सुनेला विचारावे, लेकीने आईला विचारावे, आणि घरातील कर्त्या पुरुषाने फवारणीचा दिवस जसा चुकवला नाही तसा तपासणीचा दिवसही चुकवू नये. महिला मंडळे, बचत गट, सेवाकार्यात रमलेले कार्यकर्ते यांना गावोगावी करण्याजोगे याहून निकडीचे काम थोडेच असेल.

कमलताई रणदिवे यांनी स्वतः हा मार्ग चालून दाखवला आहे. १९७३ मध्ये त्यांनी सहकारी स्त्री-शास्त्रज्ञांसह भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली आणि उतारवयात त्या नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करण्यासाठी गेल्या. अकोले तालुका नाशिक जिल्ह्याला लागूनच आहे. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. परळची प्रयोगशाळा आणि डोंगरातला पाडा यांत त्यांनी अंतर मानले नाही.

निफाडला जन्मलेल्या रानडे यांनी मुलींसाठी शाळा काढली. त्या शाळेतील एका मुलीने कर्करोगाचा शोध घेतला. हे ऋण निफाडच्या लेकीसुनांपर्यंत परत पोहोचवण्याचे काम शिल्लक आहे. द्राक्षाच्या पानावरचा पहिला ठिपका ज्या तालुक्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याला हे अशक्य नाही.