जुन्या मोटारीची वंशावळ

पन्नास वर्षांहून जुन्या खासगी मोटारी आणि दुचाकींना स्वतंत्र नोंदणी देणारे नियम केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जाहीर केले. राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, नंतर नूतनीकरणाला पाच हजार. अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन आणि इंधन-दुरुस्तीपुरतीच ती रस्त्यावर आणायची. मोजक्या श्रीमंतांच्या हौसेचा मामला म्हणून या बातमीकडे फारसे कोणी पाहिले नाही. पण नियमात एक अट आहे आणि तिचा संबंध दक्षिण महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांशी, तिथल्या पडवीत ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाड्यांशी आणि त्या विकत घ्यायला येणाऱ्यांशी थेट पोचतो. गाडी ‘मूळ स्वरूपात’ असली पाहिजे, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी ती अट. राज्याने नेमलेली समिती गाडी पाहून तसे ठरवणार.

मूळ स्वरूप म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग घ्या. चेसिस आणि इंजिन अमेरिकेचे, वरची दोन आसनी बॉडी इंग्लंडच्या गर्नी नटिंग कंपनीने बांधलेली, मालक माळव्यातला मराठी संस्थानिक. बॉडी दुसऱ्याच देशात दुसऱ्याच कारखान्याने बांधली म्हणून ती गाडी नकली ठरत नाही. त्या काळी भारी मोटारी अशाच घेतल्या जात. उलट कारखान्याने दिली तश्शीच दिसणारी एखादी स्पोर्ट्स मोटार पूर्णपणे नकली असू शकते. जीपच्या किंवा अँबॅसिडरच्या सांगाड्यावर हाताने ठोकून बसवलेला पत्रा, वर लाल रंग आणि तारांची चाके. लग्नाच्या वरातीला तेवढे पुष्कळ. पण तीच गाडी ‘१९४८ ची एमजी’ म्हणून विकली गेली, की घेणाऱ्याच्या आयुष्याची बचत बुडते.

या प्रश्नाचा निकाल एकदा लंडनच्या न्यायालयात लागला आहे. बेंटले कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ ही स्पीड सिक्स मोटार १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला, चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. त्याआधी आणि त्यानंतर तिचे भाग इतक्या वेळा बदलले गेले, की १९२९ साली शर्यत जिंकणाऱ्या गाडीतले अगदी थोडे तुकडे शिल्लक राहिले. पुढे हब्बर्ड नावाच्या मालकाने ती मिडलब्रिज या कंपनीला प्रचंड किमतीला विकण्याचा सौदा केला आणि ही खरी ओल्ड नंबर वन नव्हेच, असे म्हणून खरेदीदाराने हात आखडता घेतला. १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. भाग बदलले तरी ती गाडी कधी मोडीत निघाली नाही, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना तिचा इतिहास अखंड राहिला, म्हणून ती अस्सल. म्हणजे न्यायालयाने लोखंडापेक्षा वंशावळ मानली.

आपल्याकडे हे समजायला न्यायालयाची गरज नाही. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा तिचा इंजिन नंबर कोणी विचारत नाही. ती त्याच घराची, त्याच गावची आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी पाहिलेले आहे. अडचण येते ती जिला असे साक्षीदार नाहीत, किंवा होते ते वारले, त्या गाडीची.

जतचेच उदाहरण घेऊ. डफळ्यांचे हे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्यात जत गेले. १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. त्याच वर्षी मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला. १९८९ मध्ये वाहनांच्या क्रमांकांची पद्धत बदलली आणि सांगलीला ‘एमएच १०’ मिळाले. १९३८ साली या भागात आलेली एखादी मोटार जागची हललीही नसेल, पण तिच्या कागदांवर चार राजवटींची नावे असू शकतात. आणि हलली असेल तर विचारूच नका. जतहून विजापूर जवळ. ते १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, मग म्हैसूर राज्यात गेले, १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले. एक पुस्तक मराठीत, एक शिक्का कानडीत आणि मधल्या वीस वर्षांचा कागदच नाही, असे प्रकरण या सीमेवर अजिबात नवलाचे नाही.

नव्या नियमांत पन्नास वर्षे मोजायची ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. आधी भारतात नोंदलेल्या गाडीसाठी जुने आर. सी. पुस्तक मागितले जाते. तेव्हा गाडी अस्सल की नक्कल हा वाद सुरू होण्याआधीच कागदाचा अडसर येतो. १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर आणि कूळकायद्यात जमिनी गेल्यावर अनेक सरदार-इनामदार घराण्यांनी गाड्या मिळेल त्या भावाने काढल्या. व्यवहार तोंडी. पुस्तकावर आजोबांचे नाव, गाडी तिसऱ्याकडे, पैसे चौथ्याने दिलेले. मी बँकेत असताना तारण घ्यायच्या जमिनीचा तीस वर्षांचा उतारा पाहिल्याशिवाय आम्ही सही करत नसू. लाखो रुपयांची मोटार घेताना मात्र शहाणीसुरती माणसे बॉनेट उघडतात, आवाज ऐकतात आणि विसार देऊन मोकळी होतात.

पुस्तकावर मृताचे नाव असेल तर आधी वारसांच्या नावे हस्तांतर व्हायला हवे. त्यासाठी नमुना ३१ असतो, विक्रीसाठी २९ आणि ३०. एकाच वारसाची सही घेऊन गाडी उचलली, तर पुण्यात नोकरी करणारा दुसरा भाऊ उद्या दारात उभा राहतो. बँकेचा किंवा पतपेढीचा बोजा पुस्तकावर असेल, तर नमुना ३५ वर बोजा उतरवल्याची नोंद पाहावी. कर्ज फिटून चाळीस वर्षे झाली तरी बोजा तसाच राहिलेला असतो, आणि कर्ज देणारी संस्था अवसायनात निघालेली असते.

यानंतर लोखंडाकडे यावे. हस्तांतराच्या वेळी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेण्याची आपली पद्धत फार शहाणी आहे. आर. टी. ओ. साठी घेतो तो ठसा खरेदीदाराने स्वतःसाठीही घ्यावा. कारखान्याचे आकडे एका वळणाचे आणि एका खोलीचे असतात. मागाहून मारलेला पंच डोळ्याला नाही तरी पेन्सिलीला कळतो. आजूबाजूचा पत्रा घासलेला असेल तर तेही कागदावर उमटते. पत्र्यात पुट्टी किती भरली आहे, हे लोहचुंबक सांगतो.

जग्वारची एक्सके १२० ही स्पोर्ट्स मोटार १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात आली. तिच्या इंजिनाजवळच्या पट्टीवर चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स असे चार वेगवेगळे क्रमांक असतात. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या उघड्या गाड्यांचे चेसिस क्रमांक ६६०००१ पासून सुरू होतात. पहिल्या सुमारे २४० गाड्यांची बॉडी ॲल्युमिनियमची, पुढच्यांची पोलादी. तेव्हा ‘पहिल्या तुकडीतली’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याच्या गाडीच्या कुशीला लोहचुंबक चिकटला, की बोलणे तिथेच थांबते. याच जातीचे इंजिन कंपनीने पुढे मार्क सेव्हन या बैठ्या सलून गाडीतही घातले. तसले इंजिन स्पोर्ट्स गाडीत बसते, उत्तम चालते, पण ते त्या गाडीचे नव्हे. जग्वारच्या कारखान्यातून कोणत्या चेसिसवर कोणते इंजिन कोणत्या तारखेला बाहेर पडले, याचा दाखला कंपनीच्या जुन्या नोंदी सांभाळणारी विश्वस्त संस्था देते. तो मागवायला लागणारी फी सौद्याच्या मानाने किरकोळ असते. मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की पट्टीही नवी करून मिळते. दाखला, पट्टी आणि प्रत्यक्ष इंजिनावरचा ठोकलेला क्रमांक, तिन्ही जुळले तरच पुढे जावे.

आणि जुळले नाहीत तर? इथे माझे मत नियमापेक्षा थोडे वेगळे आहे. आयातीवर निर्बंध असलेल्या त्या दशकांत विलायती सुटे भाग मिळत नव्हते. मिस्त्रींनी लेथवर भाग कातून, ट्रकचा पंप लावून, पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवून या गाड्या चालत्या ठेवल्या. तसे केले नसते तर त्या भंगारात गेल्या असत्या. आज ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांनी त्या सगळ्या एका फटक्यात बाद होण्याचा धोका आहे. आणि बाद होऊ नये म्हणून मालक काय करील? मिस्त्रीने प्रामाणिकपणे केलेला बदल झाकील, परदेशातून दुसऱ्याच गाडीचे इंजिन आणील आणि त्यावर आपल्या पुस्तकातला क्रमांक मारून घेईल. अस्सलपणाची सक्ती अशा रीतीने नकलेला उत्तेजन देते. समितीने होकार किंवा नकार एवढेच न देता कोणता भाग मूळचा, कोणता कधी बदलला, हे नोंदणीच्या कागदावर लिहून दिले, तर खरेदीदाराला त्याचा जास्त उपयोग आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कांचा रकाना असतोच की. तोवर ‘व्हीए’ क्रमांकाला सोन्यावरच्या हॉलमार्कचा मान देऊ नये. गाडी समितीपुढे गेली आणि तिने ती पास केली, एवढेच तो सांगतो.

फसवणूक नेहमी खरेदीदाराचीच होते असेही नाही. तालुक्याच्या गावी गाडी पाहायला येणारा माणूस ‘भंगारच आहे, आजी’ असे म्हणत येतो आणि ट्रकवर घालून नेतो. गाडी मुंबईला पोचली की तीच दुर्मिळ होते. विकणाऱ्या घरातले लोकही पाहुणे यायच्या आधी हौसेने साफसफाई करतात. जुन्या रंगावर नवा हात मारतात, कुजलेल्या कातड्याची गादी फाडून रेक्झिन घालतात, माळ्यावरचे पोते भंगारवाल्याला देतात. त्या पोत्यात बहुतेक वेळा मूळचा कार्बुरेटर असतो, दिव्यांच्या काचा असतात, कधी इंजिनाचा जुना ब्लॉकच कोपऱ्यात पडलेला असतो. जुन्या रंगाचा एक हातभर शिल्लक पट्टा आणि ते पोते यांनी किंमत किती फिरते, हे त्या घराला कोणी सांगत नाही. घेणाऱ्याने ते पोते मागून घ्यावे, विकणाऱ्याने त्याचे वेगळे पैसे लावावेत, आणि आत काय काय आहे त्याची यादी दोघांच्या सह्यांनी करारनाम्याला जोडावी. त्याच यादीत वाड्यातले जुने फोटोही लिहावेत. आजोबा गाडीला टेकून उभे असलेल्या फोटोत मागची क्रमांकाची पाटी वाचता येत असेल, तर आर. सी. पुस्तक हरवलेल्या गाडीचा माग काढायची सुरुवात तिथून होते.