वाळवंटातले शहर आणि आपला पाण्याचा हिशेब



सहलीचा विषय निघाला की आपल्या घरांत ठरलेली नावे पुढे येतात. मुले महाबळेश्वर नाहीतर गोवा म्हणतात, मोठी माणसे हैदराबाद नाहीतर अजमेर. या डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही वेगळेच नाव काढले: जैसलमेर. जालन्यातल्या नातेवाइकांनी थट्टा केली, "इथे काय पाणी फार झाले म्हणून वाळवंट बघायला निघालात?" थट्टा खरी होती. आमच्या गल्लीत नळ ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातले निम्मे माणूस कामावर जात नाही. तरीही आम्ही गेलो, दोन दिवस राहिलो. तिथे काय पाहिले, काय खाल्ले आणि काय शिकलो, ते या महिन्याच्या सदरात सांगतो.

आम्ही सहा जण होतो. आम्ही दोघे, अम्मी, दोन मुली आणि धाकटा मुलगा. आधी मुंबई, तिथून जोधपूर आणि जोधपूरहून पुढे सुमारे २८५ किलोमीटर. पोखरण मागे पडल्यावर झाडे विरळ होत जातात आणि मग दूर क्षितिजावर पिवळ्या दगडाचा किल्ला दिसू लागतो. डिसेंबरात दिवसा ऊन सोसवते, पण रात्री कडक थंडी पडते. बरोबर म्हातारी माणसे असतील तर स्वेटर आणि शाली विसरू नयेत.

आकडे ऐकून मोठी मुलगी चकित झाली होती. जैसलमेर जिल्हा ३८,४०१ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्याच्या जवळजवळ पाचपट. लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेत पावणेसात लाखांच्या आत. जालना जिल्ह्यात त्याच वेळी साडेएकोणीस लाखांहून जास्त माणसे होती. पाऊस तर विचारूच नका. आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पडतो; तिथे दोनशेच्या आसपास, कधी त्याहून कमी. एवढ्या पावसावर ११५६ साली रावल जैसल यांनी शहर वसवले आणि ते आजही नांदते आहे. हे कसे जमले, हे पाहायचे असे आम्ही ठरवून टाकले.

पहिला दिवस किल्ल्याचा. त्रिकूट टेकडीवरचा हा किल्ला नुसता पाहायचा नाही, त्यात माणसे राहतात. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि हवा पोल अशा चार दरवाजांतून वर गेलो की दुकाने, घरे, जैन मंदिरे, खेळणारी मुले, वाळत घातलेले कपडे. तटाला ९९ बुरूज आहेत. २०१३ साली राजस्थानातल्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. अम्मी सावकाश, थांबत थांबत चढल्या. चढ फार अवघड नाही, पण फरशी गुळगुळीत आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये.

खाली शहरात पटव्यांच्या पाच हवेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या जैन व्यापाऱ्यांचे हे वैभव. पण आम्हाला जास्त भावली ती नथमलजींची हवेली. १८८५ च्या सुमारास हाथी आणि लालू या दोन सिलावट भावांनी ती घडवली. सिलावट म्हणजे दगड घडवणारे तिथले मुसलमान कारागीर. एका भावाने उजवी बाजू घेतली, दुसऱ्याने डावी. लांबून दोन्ही सारख्या वाटतात. जवळ गेले की नक्षी वेगवेगळी. आमच्या दोन्ही मुली अर्धा तास फरक शोधत बसल्या होत्या. जैसलमेर जिल्ह्यात दर चार माणसांमागे एक मुसलमान आहे. त्या शहराच्या सौंदर्यात त्यांच्या हातांचा वाटा आहे, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

जेवणाचे सांगायला हवे, कारण प्रवासात हलाल खाण्याची काळजी प्रत्येक घराला असते. तिथे शाकाहारी मारवाडी थाळी सगळीकडे मिळते, त्यामुळे अडचण येत नाही. बाजरीची रोटी, गट्ट्यांची भाजी, कढी आणि केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या, आपण जिला शमी म्हणतो त्या झाडाच्या शेंगा. केर म्हणजे काटेरी झुडपाची बोराएवढी फळे. उन्हाळ्यात दोन्ही वाळवून ठेवतात आणि वर्षभर भिजवून शिजवतात. अम्मींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "ही तर आपल्या वाळवणाचीच बहीण. सांडगे आणि वाळवलेली गवार आपण काय वेगळे खातो?" दुसऱ्या दिवशी जोहरच्या नमाजनंतर मशिदीत एका बुजुर्गांना विचारले, तेव्हा त्यांनी जवळचेच एक साधे हॉटेल दाखवले. तिथले लाल मांस इतके तिखट होते की धाकट्याने तीन वाट्या दही संपवले. गोडात घोटुआँ लाडू, तो जैसलमेरचाच. मांसाहार घेण्याआधी मोकळेपणाने विचारावे, कोणी वाईट वाटून घेत नाही. आणि आपण मुसाफिर असतो, चार रकअतींची फर्ज नमाज दोन रकअतींत होते; त्यामुळे फिरण्याच्या गडबडीत नमाज राहते, ही सबब चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडीसर तलावावर गेलो. चौदाव्या शतकात महारावल गडसी यांनी तो नव्याने बांधून काढला आणि पुढे कितीतरी पिढ्या सारे शहर त्याच्याच पाण्यावर जगले. ज्या जमिनीवरून पाणी वाहत तलावात येते तिला तिथे आगोर म्हणतात. ती आगोर स्वच्छ ठेवणे हे साऱ्या शहराचे काम होते. तलाव भरून वाहिला तर पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली आणखी तळी होती. जवळच्या खेड्यांत खडीन पाहायला मिळतात: उतारावर लांब बांध घालायचा, पावसाचे वाहते पाणी अडवायचे, ते जिरले की त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. पालीवाल लोकांनी अशी शेती शतकानुशतके केली. आता इंदिरा गांधी कालव्याने पंजाबच्या नद्यांचे पाणी जैसलमेरपर्यंत आले आहे. ते काम १९५८ साली सुरू झाले. त्याआधीची आठशे वर्षे मात्र हे शहर आभाळातून पडलेल्या थेंबांवर उभे होते.

घाटाच्या पायरीवर अम्मी बराच वेळ गप्प बसल्या. मग नातवंडांना त्यांनी ७२ चा दुष्काळ सांगितला. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली होती, पाझर तलावाची माती डोक्यावर वाहिली होती, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाल्ली होती. "तेव्हा पाणी नव्हते म्हणून तळी खोदली," त्या म्हणाल्या, "आता पाणी नाही म्हणून टँकर मागवतो." त्यांचे हे वाक्य या सहलीचे सार आहे, असे आम्हाला वाटते.

जैसलमेरकडे दुसरीही बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. किल्ल्यात पूर्वी पाणी डोक्यावरून आणावे लागे, म्हणून जपून वापरले जाई. नळ आले, पर्यटक वाढले, टेकडीवर हॉटेले झाली, न्हाणीघरे झाली. एवढे सांडपाणी बाहेर नेण्याची सोय त्या जुन्या गटारांत नव्हती. पाणी टेकडीच्या मऊ पायात मुरू लागले आणि काही बुरूज व घरे ढासळली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने हा किल्ला जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला. ज्या किल्ल्याने तहान सोसली, लढाया सोसल्या, त्याला सांडलेले पाणी सोसवेना. आम्हीही पर्यटकच होतो, म्हणून मुक्काम किल्ल्यात न करता खाली शहरात केला. जाणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

संध्याकाळी सुमारे ४० किलोमीटरवरच्या सम गावाच्या वाळूच्या टेकड्यांवर गेलो. मुलांना उंटावर बसायचे होते, ते झाले. मगरिबच्या वेळी आमच्याजवळ एक-एक लिटरच्या तीनच बाटल्या होत्या आणि वुजू करणारे सहा जण. दोघांत एक बाटली असा हिशेब केला. धाकट्याला वाटले पुरणार नाही. पुरले, आणि दोन बाटल्यांत थोडे उरलेही. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे सुमारे पाऊण लिटर. वाहत्या नदीकाठीही वुजूत पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. वाळूवर ती मुलांनी हाताने अनुभवली. घरी नळ सोडून वुजू केला तर चार-पाच लिटर सहज जातात.

रात्री मांगणियारांचे गाणे ऐकले. हे मुसलमान कलावंत पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हिंदू यजमानांच्या घरी लग्नात, बारशात गातात. त्यांची वंशावळ त्यांना तोंडपाठ असते. त्यांचे कमायचा हे वाद्य बकऱ्याच्या कातड्याने मढवलेले असते. हमीरा गावचे साकर खान यांना कमायच्यासाठी २०१२ साली पद्मश्री मिळाली. ते २०१३ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. हातातल्या दोन-दोन लाकडी पट्ट्यांचा खडताल ऐकून आमची धाकटी मुलगी उठून उभीच राहिली. वाळवंटात एकट्याने कोणाचेच निभत नाही. पाणीही वाटून, सुखदुःखही वाटून.

आता आपल्या जालन्याकडे वळू. आपल्यालाही असे शहाणपण नवे नाही. जमशेद खान यांनी जालन्यात मशीद बांधली, सराय बांधली आणि त्याचबरोबर मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांतून शहराला पाणी दिले. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, नहरी आणल्या. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आजही शहराची तहान भागवतो. आणि जुन्याच काळात कशाला जायचे? जालना तालुक्यातल्या कडवंचीने १९९० च्या दशकात पाणलोटाची कामे केली, शेततळी खोदली आणि कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या केल्या. आभाळ तेच, पाऊस तोच. फरक माणसांच्या वागण्यात पडला.

हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी आपल्या दिवंगत आईच्या नावे सदका म्हणून विहीर खोदली होती. पाण्याची सोय करणे हा फार मोठा सदका. मग आपल्या मोहल्ल्यात काय करता येईल? मशिदीच्या वुजूखान्याचे पाणी गटारात जाते. त्यात संडासाची घाण नसते. ते शोषखड्ड्यात सोडले किंवा झाडांना दिले तर बोअरला आधार मिळेल. वुजूखान्याच्या तोट्या बारीक धारेच्या बसवता येतील. मशिदीचे आणि मदरशाचे छत मोठे असते. त्यावरचे पावसाचे पाणी पाइपाने विहिरीत किंवा बोअरच्या बाजूच्या खड्ड्यात नेता येईल. खर्च एखाद्या वलीम्यातल्या एका जादा पदार्थाइतका. मरहूम आई-वडिलांच्या नावे सवाब पोहोचवू इच्छिणाऱ्यांनी याचाही विचार करावा. आम्ही आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीच्या जबाबदार मंडळींपुढे हा विषय ठेवला आहे. मृगाच्या आत काम झाले पाहिजे, असा अम्मींचा तगादा आहे.

ज्यांना जमेल त्यांनी हिवाळ्यात जैसलमेरला जरूर जावे. दोन दिवस पुरतात. ज्यांना जमणार नाही त्यांनी मुलांना घेऊन आपल्याच गावची जुनी बारव, तलाव, नहर पाहून यावी. ती कोणी बांधली, पाणी कुठून येत होते आणि ते का आटले, हे घरातल्या बुजुर्गांना विचारावे. तुमच्या मशिदीत किंवा घरी पाणी वाचवण्यासाठी काही केले असेल तर आम्हाला पत्राने कळवा. पावसाळ्यापूर्वीच्या एका अंकात ते सर्वांपर्यंत पोहोचवू, इन्शाअल्लाह.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या नेमतींची कदर करण्याची तौफीक देवो. आमीन.