चाक मोठे, ओढ छोटी

जालना-मंठा रस्त्यावर वाटूर फाट्याला कुणी हौसेने पिकअपला २८ इंची चाकांऐवजी ३२ इंची चाके चढवली, तर गाडी ऐटबाज दिसेल खरी. पण मोसंबी भरून चढाला लागली की धापा टाकील. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात रस्ता एक-सप्तमांश अधिक कापला जातो आणि ओढ एक-अष्टमांशाने घटते. शिवाय वेगाचा काटा ७० दाखवी, तेव्हा गाडी ८० ने धावत असते. ब्रेक मात्र जुनेच!

यावर उपाय क्राऊन-पिनियन बदलण्याचा. जुने गुणोत्तर ३.५ असेल, तर त्याला ३२ ने गुणा, २८ ने भागा. उत्तर येते ४. तेव्हा चाकांची किंमत विचारण्याआधी हा हिशेब मांडा. त्याच गाडीतून घरची मुलेबाळेही येतात-जातात!