टेम्पोतली उरलेली वीज कामाला लावा

उमरोळीहून पालघर-बोईसरला टेम्पोवर माल विकता? मग जनरेटर घेण्याआधी हिशोब करा. 60 अँपिअरचा अल्टरनेटर 14 व्होल्टला 840 वॅटपर्यंत देतो. 60 वॅटचे दोन हेडलाइट 120च खातात. उरलेल्यातली वीज दुसऱ्या बॅटरीत भरा. 20 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर तासाभराच्या फेरीत साधारण 240 वॅट-तास भरतो. तूट धरूनही दिवे, वजनकाटा, मोबाइल मिळून 40 वॅटचा लोड चार-पाच तास चालतो. गाडीच्याच बॅटरीवर दिवे लावाल तर रात्री गाडी स्टार्ट न होण्याची भीती!

पण ही वीज अगदी फुकट नाही, थोडं डिझेल जातंच. म्हणून गाडी उभी करून चार्जिंग नको: आयडलला वीज कमी, डिझेल मात्र जळतंच. आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. तिथे पैसे वाचवणं म्हणजे अख्खी गाडी पणाला लावणं.