वजन घटले की ‘वय झाले’?

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत घेतले. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची ही सोय मोलाची आहे. मात्र, शहरांतील अनेक ज्येष्ठांवर रुग्णालयात जाण्याची वेळ ज्या कारणांनी येते, त्यांतले एक कित्येक महिने घरातच वाढत असते आणि ते म्हणजे कुपोषण.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साठीपुढील सुमारे २७ टक्के लोकांचे वजन उंचीच्या मानाने कमी, तर सुमारे २२ टक्क्यांचे जास्त आढळले. कमी वजनाचे प्रमाण खेड्यांत अधिक, जास्त वजनाचे शहरांत. त्यामुळे शहरातल्या वृद्धांना काळजी फक्त मधुमेहाची आणि रक्तदाबाची, असा समज पसरतो. प्रत्यक्षात उतारवयात स्नायू झिजतात आणि चरबी वाढते. अंगाने भरलेली व्यक्तीही आतून कुपोषित असू शकते.

शहरातील कारणे केवळ गरिबीची नाहीत. दात पडलेले किंवा कवळी सैल झालेली असली की भाकरी, उसळ, कोशिंबीर ताटातून जाते आणि चहा-बिस्किटे, मऊ भात उरतो. एकट्यासाठी स्वयंपाक करण्याचा कंटाळा येतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून भाजीला उतरणे टळत जाते. काही औषधांनी भूक मंदावते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्वही कमी पडू शकते. त्यात साखर, मीठ, तेल यांवरची पथ्ये सांगोवांगी वाढत गेली, की जेवणच आक्रसते. झोपडपट्टीतील वृद्धांपुढे पैशांचाही प्रश्न असतो. अन्नसुरक्षा कायद्यात माणशी पाच किलो धान्य मिळते, पण त्यात डाळीचा हक्क नाही.

सर्वांत मोठी तूट प्रथिनांची पडते. अनेक तज्ज्ञगट वृद्धांसाठी दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, कपभर दुधातही साधारण तेवढीच. पातळ वरणाच्या वाटीवर हा हिशेब जुळत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांनाच विचारून ठरवावे. स्नायू झिजले की तोल जातो आणि पडून हाड मोडते. जखम लवकर भरत नाही, संसर्गाशी झुंजायला बळ उरत नाही.

हे सारे वेळेत लक्षात येऊ शकते. तीन महिन्यांत खाणे कमी झाले का, वजन तीन किलोहून अधिक घटले का, चालणे-फिरणे मंदावले का, असे मोजके प्रश्न विचारणारी तपासणी जगभर वापरात आहे. वजन-उंची घेता येत नसेल, तर पोटरीचा घेर मोजतात. तो ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरणे ही धोक्याची खूण मानली जाते. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते.

अंगणवाडीत बालकाचे वजन नियमित घेतले जाते आणि ते वाढले नाही, तर सेविका घरी जाऊन चौकशी करते. आजी-आजोबांसाठी अशी व्यवस्था नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानाचा भरही बालके, किशोरी, गर्भवती आणि स्तनदा मातांवर राहिला. महापालिकांच्या दवाखान्यांत रक्तदाब व साखर तपासताना वजन आणि पोटरीचा घेर नोंदवून मागच्या नोंदीशी ताडला, तर खर्च नगण्य आणि लाभ मोठा. विम्याचे पाच लाख पडल्यानंतर उपयोगी येतात. पडण्याआधी उपयोगी येतो तो वजनकाटा आणि ताटात रोज पडणारी घट्ट डाळ.