पडल्या की पाडल्या?

‘बाथरूममध्ये पाय घसरला’ हे वाक्य १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवरील डॉक्टरांना पाठ झालेले असते. बहुतेकदा ते खरेही असते. ओल्या गुळगुळीत टाइल्स, मध्यरात्रीचा अंधार आणि रक्तदाबाची गोळी एवढे जमून आल्यावर ऐंशीच्या घरातल्या माणसाला पडायला आणखी कुणाची मदत लागत नाही. कधीकधी मात्र ती झालेली असते. तेव्हाही वाक्य तेच, सांगणारा बहुधा मुलगाच, आणि कॅज्युअल्टीच्या कागदावर ‘हिस्टरी ऑफ फॉल’ असे तीन शब्द उमटले की प्रकरण संपते.

वृद्धांच्या छळाबद्दल बोलायला आपण १५ जून राखून ठेवला आहे. साठीपुढच्या दर सहा जणांपैकी एकाला वर्षभरात काही ना काही छळ सोसावा लागतो, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज त्या दिवशीच्या भाषणांत हमखास येतो. पण त्या सहाव्या माणसाच्या खोलीपर्यंत बाहेरचे कोण पोहोचते? शेजारी हॉलपर्यंत. बँकेला दिसते ती कागदावरची सही. नातेवाईक येतात ते आधी फोन करून. रात्री दोन वाजता, घर आवरायला सवड न देता, थेट आतल्या खोलीत जातात ते डॉक्टर आणि पायलट (रुग्णवाहिकेच्या चालकाला तिथे पायलटच म्हणतात). खोलीची कडी बाहेरून आहे, हे त्यांना दिसते. पाठीवर हाडापर्यंत गेलेला बेडसोर दिसतो. गोळ्यांच्या पाकिटावरची मागल्या वर्षीची तारीख दिसते. उशाशी पाण्याचा तांब्या नसतो, कारण पाणी प्यायले की म्हातारी सारखी उठवते. हे सारे पाहून ते स्ट्रेचर उचलतात. पाहिलेले सांगायचे कुणाला, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या निर्वाह व कल्याण कायद्याचे कलम २१ वाचण्यासारखे आहे. सरकारी अधिकारी, त्यांत पोलीस, आणि न्यायिक सेवेतील सदस्य यांना या विषयाचे प्रशिक्षण वेळोवेळी द्यावे, असे ते सांगते. म्हणजे जिथे प्रकरण शेवटी पोहोचते, त्या न्यायाधीशांची आठवण कायद्याला राहिली. जो सगळ्यांच्या आधी उंबरठा ओलांडतो, त्याची नाही. १०८ची सेवा तर खासगी संस्थेमार्फत चालते; तिथली माणसे ‘अधिकारी’ या शब्दातही बसत नाहीत. लहान मुलावरील लैंगिक अत्याचार कळूनही न कळवणे हा पोक्सोखाली गुन्हा आहे. २००७च्या कायद्यात म्हाताऱ्यांसाठी असे कळवण्याचे बंधन कुणावरच नाही.

प्रशिक्षण म्हणजे हॉलमधले व्याख्यान आणि मागाहून वडा-चहा, असे समजण्याचे कारण नाही. शिकवण्याजोगे खरोखर काही आहे. कॅलिफोर्नियात डॉ. लॉरा मॉस्केडा यांच्या गटाने वृद्धांच्या अंगावर आपसूक उठणाऱ्या काळ्यानिळ्या डागांचा अभ्यास करून २००५मध्ये प्रसिद्ध केला. शंभर वृद्ध रोज तपासले गेले. दहातले जवळजवळ नऊ डाग हातापायांवर होते. मानेवर, कानांवर, कुल्ल्यांवर किंवा तळपायांवर एकही नव्हता. पिवळा डाग म्हणजे जुना डाग, हा समजही टिकला नाही. काही डाग पहिल्याच दिवशी पिवळे दिसले. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांच्या दंडावरचा डाग पाहून घरच्यांवर डोळे वटारू नयेत, आणि कानामागचा डाग पाहून गप्प बसू नये, एवढे तरी यातून शिकवता येते.

शिकवायची दुसरी गोष्ट म्हणजे विचारायचे कसे. मुलगा शेजारी उभा असताना ‘काय झालं आजी?’ विचारले तर उत्तर ठरलेले: ‘मीच पडले हो.’ त्याला आधार कार्ड आणि जुनी फाइल आणायला पाठवावे. गाडीत त्याला पुढे पायलटशेजारी बसवावे. मागे मिळतात ती दहा-पंधरा मिनिटे त्या बाईंना कदाचित वर्षभरात पहिल्यांदाच एकटीने बोलायला मिळालेली असतात.

घरोघरी खलनायक शोधत फिरा, असे कुणी म्हणत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या सासूचे चार वर्षे एकटीने सगळे करून थकलेली सून एखाद्या रात्री हात उगारते. तिला पोलिसांपेक्षा दिवसातून चार तास येणारी, ब्युरोची परवडणारी बाई हवी असते. म्हणूनच दिसलेले टिपून ठेवणे आणि गुन्हा दाखल करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. आज मधले दारच नाही. ११२ला कळवले तर ‘घरगुती मामला’, फार तर एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. बाथरूममध्ये पाय घसरायची वेळ बहुधा नंतरची.

अमेरिकेत टेक्सासच्या फोर्ट वर्थ भागात रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांसाठी ‘डिटेक्ट’ नावाची छोटी यादी तयार झाली. तिच्यात वृद्धाला थेट काही विचारायचे नसते. घर, अंथरूण, औषधे, सांभाळणाऱ्याचे वागणे यांत जे दिसले त्यावर खुणा करायच्या. तिथे छळाचा संशय आला तरी कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते ऐकून घेणारे खाते आहे.

आपल्याकडे नवे खाते काढण्याची वाट पाहायचे कारण नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे पद आहे. खुणा केलेल्या कागदाची एक प्रत सकाळी त्यांच्या टेबलावर जावी, आणि रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी त्यांनी एकदा खाटेपाशी जाऊन यावे. प्लास्टर घालून झाल्यावर तिसऱ्या दिवशी आजींना न्यायला रिक्षा घेऊन येतो, तो तोच मुलगा असतो.