ठरवून घेतलेले मोजके काम म्हणजे अर्धी वकिली नव्हे



‘वकील घ्यायचा तर पूर्ण, नाहीतर नको’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. वकिलाने फक्त कागद तपासावेत, मसुदा करून द्यावा आणि तारखांना पक्षकाराने स्वतः उभे राहावे, हे आपल्या कायद्याला परके नाही. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार तिथे वकील देणे हा हक्क नाही. ग्राहक आयोगातही तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. पण फ्लॅटचा ताबा रखडलेल्या माणसाला तक्रारीची दोन वर्षांची मुदत कधीपासून मोजायची, करारनामा आणि पावत्या कशा लावायच्या, प्रतिज्ञापत्रात काय हवे, हे कोण सांगणार? मोफत विधिसाहाय्याच्या निकषांत न बसणारा आणि पूर्ण फी न झेपणारा माणूस आज हे सगळे एकटाच चाचपडत करतो. अशा मोजक्या कामाची तुलना पूर्णवेळ वकिलाशी नव्हे, या चाचपडण्याशी करायला हवी.

वकील मध्येच हात झटकेल, ही भीती मात्र खरी आहे. दिवाणी दाव्यात वकीलपत्र दाखल झाल्यावर न्यायालयाच्या परवानगीशिवाय वकिलाला बाजूला होता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून मोजक्या कामासाठी वकीलपत्र न घेता आधीच लेखी ठरवावे: कोणते काम करणार, कोणते नाही, पुढची मुदत कोणती. साक्षीदारांच्या उलटतपासणीवर निकाल अवलंबून असेल, तिथे वकिलाने असे मोजके काम स्पष्ट नाकारावे.

— एक वाचक